फसवणुकीची तक्रार: गोष्ट थोडी, आकडे अचूक

त्र्यंबकेश्वरला कालसर्पाची पूजा आणि राहायला खोली, दोन्हींचे मिळून २,१०० रुपये आगाऊ. वेबसाइटवर मंदिराचा फोटो, व्हॉट्सॲपवर ‘जय भोलेनाथ’ म्हणणारा माणूस, शेवटी एक क्यूआर कोड. पैसे गेले की नंबर बंद. या एका तक्रारीसाठी पोलिसांचे पथक दुसऱ्या राज्यात जाणार नाही, आणि ते गेले नाही म्हणून रागावण्यातही अर्थ नाही. पण त्याच यूपीआय आयडीवर सुरतच्या तिघांचे, मालेगावच्या एकाचे आणि इंदूरच्या दोघांचे पैसे गेल्याचे नोंदीत दिसले, की प्रकरण २,१०० रुपयांचे राहत नाही. ते खाते गोठते, नंबर बंद होतो, आणि पुढच्या भाविकाचा क्यूआर कोड स्कॅन होण्याआधीच बँकेला त्याचा वास लागतो.

हे जुळवण्याचे काम माणूस करत नाही, संगणक करतो. त्यामुळे तक्रार लिहिण्याची आपली सवयच बदलायला हवी. आपल्याकडे तक्रार म्हणजे निवेदन: ‘मी एक सर्वसामान्य नागरिक असून माझी घोर फसवणूक झाली आहे’ इथपासून सुरुवात आणि दीड पान हकीकत. त्यातला मोबाइल नंबर शेवटच्या परिच्छेदात, यूपीआय आयडी स्क्रीनशॉटमध्ये, खाते क्रमांक कुठेच नाही. अशी तक्रार दाखल होते, पण दुसऱ्या कुठल्याच तक्रारीला जोडली जात नाही.

आधी कुठे जायचे ते. समोरचा अनोळखी असेल आणि पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० हा फोन आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन हे राष्ट्रीय पोर्टल. समोर खरे दुकान, खरी कंपनी, खरे बिल असेल आणि तिने लुबाडले असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पैसे गेले नाहीत, नुसता संशयास्पद फोन किंवा मेसेज आला, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरचे ‘चक्षू’. जास्त परताव्याचे आमिष दाखवून ठेवी गोळा करणारे कोणी असेल तर रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये सुरू केलेले ‘सचेत’ पोर्टल. अनोळखी यूपीआय आयडीविरुद्ध ग्राहक आयोगात जाऊन उपयोग नसतो, कारण नोटीस बजावायला पत्ता लागतो. आणि वॉशिंग मशीन बिघडले म्हणून १९३०ला फोन केला तर तिथल्या माणसाचा आणि आपला, दोघांचाही वेळ जातो.

पैसे गेले असतील तर पहिला तास सोन्याचा. १९३० लावण्यापूर्वी कागदावर एवढे लिहून घ्या: आपल्या बँकेचे नाव आणि खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराची तारीख-वेळ, रक्कम, यूटीआर क्रमांक (बँकेचा व्यवहार क्रमांक), आणि पैसे ज्या यूपीआय आयडीवर किंवा खात्यावर गेले तो आयडी. फोन लागत नसेल तर वाट पाहू नका, थेट पोर्टलवर भरायला घ्या. संशयास्पद एपीके फाइल, म्हणजे ॲप बसवणारी फाइल (‘वाहन चलान’, ‘पीएम किसान यादी’ अशा नावांची) फोनमध्ये घेतली गेली असेल तर तो फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि दुसऱ्या फोनवरून १९३० लावा. अशी ॲप आलेले ओटीपी परस्पर पुढे पाठवतात. फोन घाईने फॉरमॅट करू नका. फाइलचे नाव आणि ती ज्या नंबरवरून आली तो नंबर आधी टिपून घ्या, कारण एकाच नावाची फाइल शेकडो लोकांकडे गेलेली असते आणि तीही जुळवणीची खूण ठरते. फोनवर कोणी *४०१* ने सुरू होणारा कोड डायल करायला लावला असेल तर तुमचे कॉल दुसरीकडे वळवले गेलेले असू शकतात. ##००२# डायल केले की सगळी वळणे रद्द होतात.

आता यूटीआर. तक्रारी सर्वात जास्त इथेच अडतात. फोनपेवर ‘टी’ अक्षराने सुरू होणारा लांबलचक ट्रान्झॅक्शन आयडी ठळक दिसतो. तो फोनपेचा स्वतःचा क्रमांक आहे, बँकेला लागतो तो जवळच दिलेला १२ अंकी यूटीआर. गुगल पेवरही दोन क्रमांक असतात: ‘यूपीआय ट्रान्झॅक्शन आयडी’ १२ अंकी, तो हवा, ‘गुगल ट्रान्झॅक्शन आयडी’ अक्षरे-आकड्यांचा, तो नको. पेटीएमवर त्याला ‘यूपीआय रेफ नंबर’ म्हणतात. आयएमपीएसचाही क्रमांक १२ अंकी, एनईएफटीचा यूटीआर १६ अक्षरी, आरटीजीएसचा २२ अक्षरी. बहुतेक १२ अंकी क्रमांकांत पहिला अंक म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा आणि पुढचे तीन अंक म्हणजे वर्षातला कितवा दिवस ते. ५०३२ने सुरू होणारा क्रमांक २०२५ सालच्या ३२व्या दिवसाचा, म्हणजे १ फेब्रुवारीचा. लिहिलेला क्रमांक आणि लिहिलेली तारीख यांत महिनाभराची तफावत दिसली तर उतरवताना बहुधा चूक झाली आहे, पुन्हा पाहा.

पाच वेळा पैसे गेले असतील तर पाच ओळी, पाच यूटीआर. ‘एकूण ८५,००० गेले’ असे लिहून एकच यूटीआर दिला तर शोध त्या एकाच रकमेचा होतो. उरलेले चार व्यवहार वेगळ्या खात्यांत गेलेले असू शकतात, आणि बहुधा असतातच.

१९३०वर नोंद झाली की एसएमएसने पोचपावती क्रमांक येतो. तो घेऊन २४ तासांत पोर्टलवर पूर्ण तक्रार भरायची असते. फोन झाला म्हणजे काम झाले असे समजून बरेच जण इथेच थांबतात. पोर्टलवर मोबाइल आणि ओटीपीने लॉगिन, मग घटनेचा तपशील, मग संशयिताचा तपशील, मग आपला, शेवटी तपासून ‘सबमिट’. घटनेच्या वर्णनाच्या चौकटीत किमान २०० अक्षरे लागतात आणि @, # यांसारखी चिन्हे चालत नाहीत. म्हणजे यूपीआय आयडी त्या चौकटीत बसतच नाही. तो संशयिताच्या तपशिलातल्या त्याच्या स्वतंत्र रकान्यात गेला पाहिजे, आणि जुळवणीही तिथूनच होते. बरेच जण आयडीतले @ काढून तो वर्णनात कोंबतात आणि संशयिताचा रकाना ‘माहीत नाही’ म्हणून सोडून देतात. संशयिताचे नाव माहीत नसतेच. नंबर, आयडी, खाते, वेबसाइटचा पूर्ण पत्ता, इन्स्टाग्राम प्रोफाइलची लिंक, यांतले जे असेल ते भरा. इन्स्टाग्रामवरचे दिसणारे नाव बदलता येते, म्हणून प्रोफाइलची लिंकच घ्या. ती पानाच्या मेन्यूतून कॉपी होते.

वर्णन कसे लिहावे? वेळेच्या क्रमाने, सात-आठ वाक्यांत. ‘१४ तारखेला दुपारी ३.२० ला अमुक नंबरवरून कॉल. बँकेतून बोलतो असे सांगितले. ३.२५ ला लिंक आली. लिंक उघडून पिन टाकला. ३.३१ ला ४९,००० वजा. ३.४० ला बँकेच्या हेल्पलाइनला कळवले.’ मनस्ताप, आजारपण, मुलीचे लग्न हे सगळे खरे असते, पण तपासाला त्याचा उपयोग नाही. समोरच्याने वापरलेले नेमके वाक्य मात्र आठवत असेल तर जरूर लिहा. या टोळ्या ठरलेल्या संहितेवरून बोलतात आणि तेच वाक्य दुसऱ्या तक्रारींत सापडते.

पोलीस ठाणे निवडताना नाशिककरांचा एक नेहमीचा घोळ होतो. पंचवटी, सातपूर, अंबड, नाशिक रोड, आडगाव, देवळाली कॅम्प हे शहर आयुक्तालयात. सिन्नर, ओझर, पिंपळगाव बसवंत, निफाड, दिंडोरी हे नाशिक ग्रामीणमध्ये. पत्त्यात नुसते ‘नाशिक’ बघून ओझरच्या माणसाने शहर निवडले की तक्रार एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत बसते. फसवणूक कुठेही झालेली असो, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. तरी पहिल्यापासून योग्य ठाणे निवडलेले बरे.

नोंद झाल्यावर पडद्यामागे काय होते? तुमच्या बँकेला तिकीट जाते. ती पाहते की पैसे कोणत्या बँकेत गेले, आणि तिकीट त्या बँकेकडे ढकलते. रक्कम अजून खात्यात असेल तर ती तिथेच अडवली जाते. पुढे सरकली असेल तर तिकीटही पुढे सरकते. दुसरे खाते, तिसरे खाते, मग एटीएम किंवा क्रिप्टो. ही खाती बहुतेक भाड्याची असतात, काही हजार रुपयांसाठी पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याला दिलेल्या माणसांची. पैसे तिसऱ्या-चौथ्या खात्यात जायला फार वेळ लागत नाही, म्हणून पहिल्या तासाला एवढी किंमत. अडवलेली रक्कम परत मिळवायला अनेकदा न्यायालयाचा आदेश लागतो. लोकअदालतीतूनही असे आदेश झालेले आहेत. त्यासाठी तपास अधिकाऱ्याकडून कोणत्या बँकेत किती रक्कम अडवली आहे त्याचा तपशील घ्या. नुसते ‘होल्ड झाले आहे’ या शब्दावर विसंबू नका.

या सगळ्या तक्रारींतून गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने संशयितांची नोंदवही तयार केली आहे. सप्टेंबर २०२४ पासून ती बँकांना उपलब्ध आहे. त्याच केंद्राच्या ‘प्रतिबिंब’ या यंत्रणेत तक्रारींमधले मोबाइल नंबर नकाशावर दिसतात. तुमचा रकाना रिकामा राहिला, तर त्या नोंदवहीत आणि त्या नकाशावर तुमची तक्रार नसते.

बँकेची जबाबदारी वेगळी, आणि तिचे गणित तारखेवर चालते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्यानेच घुसखोरी केली, अशा व्यवहाराची माहिती तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत दिली तर तुमची जबाबदारी शून्य. ४ ते ७ दिवसांत दिली तर मर्यादित. तुम्ही स्वतः ओटीपी दिला असेल तर कळवण्यापर्यंतचे नुकसान तुमचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून बँकेला कळवल्याची वेळ लेखी हवी: तक्रार क्रमांक, ईमेल किंवा शाखेचा शिक्का. शाखेत जाऊन ‘साहेबांना सांगून आलो’ याला पुरावा नाही. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही.

पैसे देण्यापूर्वी संशयितांची ती नोंदवही आपल्यालाही थोडी पाहता येते. सायबरक्राइम पोर्टलवर संशयित शोधण्याची सोय आहे. मोबाइल नंबर, ईमेल, खाते क्रमांक, यूपीआय आयडी किंवा समाजमाध्यमावरचा पत्ता टाका. त्याविरुद्ध तक्रार आहे की नाही एवढे कळते. ‘नोंद आढळली नाही’ म्हणजे माणूस सज्जन असे मात्र नव्हे. नंबर कालच घेतलेला असेल तर त्याविरुद्ध तक्रार यायला अजून कोणी फसलेलाच नसतो. ही सोय गाडीच्या हॉर्नसारखी आहे. वाजला तर थांबावे, वाजला नाही म्हणून डोळे मिटून रस्ता ओलांडू नये.

विक्रेता बिल देत असेल तर त्यावरचा जीएसटी क्रमांक वाचायला शिका. १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची १० अक्षरे म्हणजे त्या धंद्याच्या मालकाचा किंवा कंपनीचा पॅन. एक दुकान बंद करून दुसऱ्या नावाने पाटी लावणारा मालक तोच असेल आणि धंदा त्याच्या एकट्याच्या मालकीचा असेल, तर नाव बदलले तरी मधली १० अक्षरे बदलत नाहीत. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर क्रमांक टाकून नाव आणि नोंदणी चालू आहे का ते फुकट दिसते. फर्निचर, मॉड्युलर किचन, कोचिंग क्लास, लग्नाचा हॉल अशा आगाऊ पैसे घेणाऱ्या धंद्यांत हे तपासायला दोन मिनिटेही लागत नाहीत. फ्लॅट किंवा प्लॉट असेल तर महारेराचा क्रमांक पाहा. जुन्या नोंदणीतले नाशिक जिल्ह्यातले प्रकल्प पी५१६ ने सुरू होतात. नाशिकमधला प्लॉट आणि क्रमांक पुण्याचा पी५२१ असेल तर जाहिरातीवरचा क्रमांक दुसऱ्याच प्रकल्पाचा उचललेला आहे.

खऱ्या कंपनीविरुद्धची वाट १९१५वरून सुरू होते. सकाळी ८ ते रात्री ८, मराठीतही बोलता येते. तक्रार कंपनीकडे पाठवली जाते आणि तुम्हाला डॉकेट क्रमांक मिळतो. हेल्पलाइनला निवाडा करण्याचा अधिकार नाही, तरी त्या नोंदींचा उपयोग केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण करते. ऑक्टोबर २०२४ मध्ये या प्राधिकरणाने एका मोठ्या टॅक्सी ॲपला परतावा बँक खात्यात की कूपनमध्ये हे ग्राहकाला निवडू द्या असा आदेश दिला. त्याआधी परतावा म्हणून पुढच्या फेरीचे कूपनच मिळत होते. पन्नास-शंभर रुपयांसाठी एकटा ग्राहक लढत नाही; त्याच कारणाच्या तक्रारींचा ढीग दिसला तेव्हा ती कंपनीची पद्धत म्हणून समोर आली. म्हणून १९१५ला तक्रार देताना कारणाचा योग्य प्रकार निवडा. ‘इतर’ या खात्यात टाकलेली तक्रार ढिगात मोजली जात नाही.

इथे माझे एक मत. अमेरिकेत दोन पद्धती आहेत. त्यांच्या व्यापार आयोगाची ‘कन्झ्युमर सेंटिनेल’ ही तक्रार-नोंद १९९७ पासून चालते आणि तिचा कच्चा तपशील फक्त तपास यंत्रणांना दिसतो. आर्थिक ग्राहक संरक्षण विभागाने मात्र २०१२ पासून कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी, तक्रारदाराचे नाव वगळून, सर्वांसाठी खुल्या केल्या. आपल्याकडे सायबर नोंदी बंद ठेवल्या आहेत ते योग्यच, कारण त्यातले बरेच नंबर दुसऱ्याच गरीब माणसाच्या आधारवर काढलेले असतात. पण नोंदणीकृत कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी कंपनीवार, कारणवार कोणालाही पाहता यायला हव्यात. त्यात लपवण्यासारखे काही नाही.

हेल्पलाइनवर सुटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, ई-जागृती पोर्टलवरून. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात चालते. ५ लाखांपर्यंत फी नाही, ५ ते १० लाखांना २००, १० ते २० लाखांना ४००, २० ते ५० लाखांना १,००० रुपये. मुदत दोन वर्षांची. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३५(१)(सी) खाली, आयोगाच्या परवानगीने, समान हितसंबंध असलेल्या अनेकांच्या वतीने एकच तक्रार करता येते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ब्रिगेड एंटरप्रायझेसच्या निकालात सांगितले की हितसंबंध समान कसे आहेत हे तक्रारीत मांडून दाखवावे लागते, आणि सगळ्या खरेदीदारांच्या वतीने यायचे नसेल तर काही जण मिळून एक संयुक्त तक्रारही करू शकतात. ते मांडायला हातात एक नीट भरलेला तक्ता असला की वकिलाचे अर्धे काम झालेले असते.

आता शेतकऱ्याचे. द्राक्षे उधारीवर नेऊन पसार झालेल्या व्यापाऱ्याविरुद्ध ग्राहक आयोग नाही, कारण तिथे शेतकरी विक्रेता असतो. तो मार्ग पोलीस आणि बाजार समितीचा. पण बियाणे, औषध, ठिबक विकत घेताना तोच शेतकरी ग्राहक असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात हे स्पष्ट केले आहे.

कांद्याच्या बियाण्याचे उदाहरण घ्या. लागवड झाली, कांदा पोसायच्या वेळी डोंगळे (फुलांचे दांडे) निघाले किंवा निम्मा माल जोडकांदा. कंपनीचे उत्तर ठरलेले: थंडी जास्त पडली, लागवड लवकर केली, पाणी चुकले. एकट्या शेतकऱ्याला हे खोडता येत नाही, कारण डोंगळे खरोखरच हवामानानेही येतात. इथे यूपीआय आयडीची जागा पिशवीवरचा लॉट नंबर घेतो. एकच लॉट येवल्यात, चांदवडला आणि सटाण्याला वेगवेगळ्या तारखांना लावला आणि तिन्हीकडे तेच झाले, तर हवामानाचा मुद्दा लंगडा पडतो. पण तेवढ्यावर भागत नाही. त्याच गावात, त्याच आठवड्यात दुसऱ्या लॉटचे रोप लावलेल्यांचे काय झाले, हेही नोंदवा. त्यांचा कांदा चांगला असेल तर पुरावा दुप्पट होतो. त्यांनाही डोंगळे असतील तर दोष बहुधा बियाण्याचा नाही, आणि उगाच खटला लढण्याचा खर्च वाचतो. ज्यांचे बिघडले त्यांचीच यादी करण्याची चूक जवळजवळ सगळे करतात. असा तक्ता आयोगासमोर फार काळ टिकत नाही.

त्यासाठी पिशवी, तिच्यावरचे लेबल, पक्के बिल आणि थोडे उरलेले बियाणे जपून ठेवा. बिलावर लॉट नंबर लिहिलेला नसेल तर दुकानदाराकडून तिथेच लिहून घ्या. प्रमाणित कांदा बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते. रोपवाटिकेतच कमी दिसली तर तेव्हाच तक्रार करा, काढणीची वाट पाहू नका. तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी द्यायची, पोच घ्यायची, समिती येऊन पंचनामा करेपर्यंत शेत मोडायचे नाही. रागाने रोटाव्हेटर फिरवला की पुरावाच मातीत जातो.

सोसायटी, ग्रामपंचायत, महिला बचतगट किंवा एखादी ग्राहक संस्था स्वतःचा सामायिक तक्ता ठेवू शकते. येत्या सिंहस्थात खोल्या, तंबू, पूजा, गाड्या यांचे खोटे बुकिंग वाढणार हे सांगायला ज्योतिषी नको. सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये तीर्थयात्रांच्या खोट्या वेबसाइटबद्दल सूचनाच दिली होती. गुगल फॉर्म आणि शीट पुरते. रकाने असे: तारीख, प्रकार, मोबाइल, यूपीआय आयडी, खाते क्रमांक, आयएफएससी, वेबसाइटचे मूळ नाव, रक्कम, सरकारी पोचपावती क्रमांक, आणि ‘पुरावा कोणी पाहिला’.

बिघडते ते भरण्यात. मोबाइल नंबर नुसते १० अंक, मध्ये जागा नको, पुढे ९१ नको. सगळे आकडे इंग्रजीत. कोणी देवनागरीत ‘९८’ लिहिले आणि कोणी इंग्रजीत, तर शीटच्या दृष्टीने ते दोन वेगळे नंबर असतात आणि जुळणी होत नाही. मराठीतून फॉर्म काढणाऱ्यांना ही अडचण हमखास येते, म्हणून फॉर्ममध्येच फक्त इंग्रजी १० अंक चालतील अशी अट घाला. खाते क्रमांकाचा रकाना आधीच ‘प्लेन टेक्स्ट’ करा, नाहीतर पुढचे शून्य उडते, आणि एक्सेल तर १५ अंकांपुढचे अंक शून्य करून टाकते. आयएफएससीतले पाचवे अक्षर शून्य असते, इंग्रजी ‘ओ’ नव्हे. यूपीआय आयडी सगळा छोट्या लिपीत. दुकानाच्या नावावर जुळवणी करू नका. एकच नाव तीन जण चार प्रकारे लिहितात.

मोजताना ओळी मोजू नका, माणसे मोजा. एकाच ताईंनी रागाच्या भरात तीनदा फॉर्म भरला तर तीन पीडित दिसतात. पोचपावती क्रमांक किंवा तक्रारदाराच्या मोबाइलचे शेवटचे चार अंक घेतले की हा प्रश्न मिटतो. आधार, पॅन, तक्रारदाराचे पूर्ण खाते यातले काहीही गोळा करू नका. पूर्ण शीट तीन-चार जणांनाच दिसावी. बाकीच्यांनी नंबर विचारावा आणि ‘या नंबरवर चार नोंदी, चारही पोचपावतीसह’ एवढे उत्तर मिळावे. माणसाचे नाव, फोटो, ‘चोर’ हा शब्द ग्रुपवर टाकू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचा गुन्हा आपल्यावरच यायचा. शिवाय प्रतिस्पर्धी दुकानदार खोट्या नोंदी टाकतात, म्हणून ‘पुरावा कोणी पाहिला’ हा रकाना रिकामा असलेली ओळ मोजायचीच नाही. वर्षाहून जुने मोबाइल नंबर वेगळ्या पानावर हलवा, कारण बंद झालेला नंबर कंपनी काही काळाने नव्या ग्राहकाला देते आणि तो बिचारा उगाच काळ्या यादीत राहतो.

स्क्रीनशॉट कापू नका, वरची वेळ आणि नंबर दिसू द्या. व्हॉट्सॲपवरचे संभाषण ‘एक्सपोर्ट चॅट’ने काढून ठेवा. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चे प्रमाणपत्र लागते, म्हणून मूळ फोन विकून किंवा बदलून टाकू नका.

या यंत्रणेची एक वाईट बाजूही आहे. फसवणुकीचे पैसे फिरत फिरत एखाद्या किराणा दुकानदाराच्या किंवा पेट्रोल पंपाच्या खात्यात खरेदीपोटी येतात, आणि त्याचे अख्खे खाते गोठते. तसे झाले तर शाखेकडून तीन गोष्टी लेखी मागा: तक्रारीचा पोचपावती क्रमांक, कोणत्या राज्यातल्या कोणत्या ठाण्याची सूचना आहे, आणि वादातली रक्कम किती. मग त्या तारखेचे बिल, मालाची नोंद आणि खातेउतारा त्या ठाण्याला ईमेलने पाठवून फक्त वादातली रक्कम अडवा, उरलेले खाते मोकळे करा, अशी मागणी करा. त्या ठाण्याला विनाकारण चकरा मारण्याआधी नाशिकच्या सायबर पोलिसांकडून मार्ग विचारा.

आणि फसलेल्यांवर दुसरा डाव टाकला जातो. एक्सवर किंवा फेसबुकवर तक्रार लिहिली की तासाभरात ‘कस्टमर केअर’ची उत्तरे येतात. काही महिन्यांनी फोन येतो: ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सुटली आहे, प्रोसेसिंग फी ४,९०० भरा.’ समोरच्याला तुमची रक्कम, तारीख, बँक सगळे माहीत असते, कारण ते तुम्हीच जाहीर लिहिलेले असते किंवा पहिल्या टोळीनेच यादी विकलेली असते. १९३०, १९१५, लोकपाल, ग्राहक आयोग, यांतले कोणीही परतावा सोडवण्यासाठी यूपीआयवर फी मागत नाही. असा फोन आला तर तो नंबर ३० दिवसांच्या आत चक्षूवर टाका आणि जुन्या तक्रारीच्या तपास अधिकाऱ्याला, तोच पोचपावती क्रमांक लिहून, कळवा. ज्याच्याकडे तुमची यादी आहे त्याचा हा ताजा नंबर असतो.